सुरगाण्याच्या घराला आधी धुराडे हवे

उंबरठाणच्या रस्त्याला आमची वडिलोपार्जित जागा आहे. तिथले कुडाचे जुने घर गेल्या उन्हाळ्यात उतरवले, जोते तसेच ठेवले. त्यावर नवे घर बांधायचे आहे आणि त्याचा नकाशा तीन महिने आमच्या सुरगाण्यातल्या घरात टेबलावर पडून होता. खोल्या ठरल्या, दरवाजे ठरले, न्हाणी-संडासाची जागा ठरली. अडले ते हवेवर.

थोरल्या दिरांचा मुलगा कॅनडात, सास्काचेवान प्रांतात नोकरीला आहे. थंडी ऐन भरात असली की तिथे पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. एका रात्री त्याने फोनवरून आपल्या तळघरातली एक पेटी दाखवली. साधारण लोखंडी ट्रंकेएवढी, चार जाड नळ्या लावलेली, बारीक घरघरणारी. म्हणाला, "काकू, नवीन घर बांधतेच आहेस, तर हे बसवून घे. आजीच्या छातीला बरं पडेल. पैसे मी पाठवतो." आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही, पण पन्नासहून अधिक वर्षे त्या चुलीपुढे बसल्या. नाशिकच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून पहिला प्रश्न विचारला तो विडी-तंबाखूचाच.

पोराने आजीच्या काळजीने सांगितलेली गोष्ट, म्हणून मी ती उडवून लावली नाही. पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित आणि विज्ञान शिकवले आहे. गोष्ट समजून घेतल्याशिवाय हो म्हणायचे नाही आणि नाहीही म्हणायचे नाही, हे मुलांना सांगत आले. तेच स्वतः केले. त्यातून जे हाती आले ते इथे लिहिते आहे, कारण या तालुक्यात आज घरोघर बांधकामे चालू आहेत आणि हवेचा विचार कुणीच करताना दिसत नाही.

आधी ती पेटी. तिच्यात दोन पंखे असतात. एक घरातली कोंदट हवा बाहेर टाकतो, दुसरा बाहेरची ताजी हवा आत घेतो. हे दोन्ही झोत पातळ पत्र्यांच्या चळतीतून शेजारून शेजारून जातात, एकमेकांत मिसळत नाहीत. गरम दुधाचे पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवले की दूध पाण्यात मिसळत नाही, पण दुधाची ऊब पाण्याला लागते. तसेच हे. बाहेर निघालेल्या हवेतली सत्तर ते नव्वद टक्के उष्णता आत येणाऱ्या हवेला देऊन टाकायची, म्हणजे घर गार न होता हवा बदलते.

ही युक्ती निघाली ती थंड देशांच्या गरजेतून. १९७३मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा त्या देशांनी घरांच्या फटी बुजवायला घेतल्या. ऊब टिकली, पण माणसे आपल्याच उच्छ्वासात बसली आणि भिंतींना बुरशी धरू लागली. १९७७ साली सास्काचेवानातल्याच रेजायना शहरात एक प्रायोगिक घर उभे राहिले. जाड भिंती, जवळजवळ हवाबंद बांधणी आणि हवा बदलायला उष्णता परत मिळवणारे यंत्र. पुढे १९९१मध्ये जर्मनीत डार्मश्टाटला चार घरांची एक ओळ बांधली गेली आणि तिच्यातून 'पॅसिव्ह हाऊस' नावाचे मानक आले. त्याची एक अट अशी की पन्नास पास्कल दाब देऊन घर तपासले, तर तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पटीहून जास्त हवा फटींतून ये-जा करता कामा नये.

ही अट वाचली आणि मला आमचे जुने घर आठवले. मेढी सागाच्या, भिंती कारवीच्या. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तिच्या वाळलेल्या काठ्या उभ्या लावायच्या, बांबूच्या आडव्या पट्ट्यांनी बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायचे, की झाला कूड. आमच्याकडे कूड छपरापर्यंत नेलेला नव्हता, वर हातभर जागा मोकळी होती. त्यावर वासे, आणि वाशांवर हाताने घडवलेली देशी कौले. पावसाळ्याच्या सकाळी टेकडीवरून पाड्याकडे पाहिले की प्रत्येक छपरातून धूर वर येताना दिसे, जणू कौलेच श्वास सोडत आहेत. त्या धुराने वासे काळे कुळकुळीत होत आणि त्यांना कीड लागत नसे. माळ्यावर टांगलेले नागलीचे आणि मक्याचे बियाणेही त्याच धुरात पुढच्या मृगापर्यंत टिके.

कुडाच्या घरांचे गोडवे गाणारे लेख मी वाचले आहेत. त्यांत चुलीपुढच्या बाईचे डोळे नसतात. सासूबाईंचे डोळे मी लग्न होऊन आले तेव्हापासून लालच पाहिले. पहाटे नागलीच्या भाकरी, मग सगळ्यांच्या अंघोळीचे पाणी, संध्याकाळी पुन्हा भात-आमटी, आणि पावसाळ्यात ओली लाकडे. कौलांतून धूर जात होता हे खरे, पण तो आधी त्यांच्या छातीतून जात होता. आमच्या सीमेपलीकडच्या गुजरातेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसह चार गावांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा मोजणारी उपकरणे लावली होती. तोवर हवेचे प्रदूषण म्हटले की गिरणीची चिमणी डोळ्यांसमोर येई. चुलीपुढचा धूर किती आणि काय असतो, हे त्या मोजणीने जगापुढे आणले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे अकाली गेली. म्हणून कुडाचे घर जसेच्या तसे पुन्हा उभारावे, असे मी म्हणणार नाही.

पण त्याच्या जागी आपण काय आणले?

सुरगाण्यात आम्ही २०१२ साली दोन खोल्यांचे स्लॅबचे घर बांधले. सिमेंटच्या विटा, सिमेंटचा गिलावा, डोक्यावर सपाट स्लॅब, प्रत्येक खोलीला तीन बाय तीनची एक खिडकी. पहिल्या उन्हाळ्यात मिरवले. पहिल्या पावसाळ्यात पश्चिमेकडून झड आली आणि खिडक्या बंद झाल्या, त्या थेट गणपतीपर्यंत. आत चार माणसांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ, दोरीवर न वाळणारे कपडे. अशा घरात दिवसाला पाच ते दहा लिटर पाणी हवेत जाते. म्हणजे रोज कळशीभर पाणी घरात ओतायचे आणि दार लावून घ्यायचे. ते पाणी शेवटी सगळ्यात गार भिंतीवर बसते. ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटले, मग ते एकमेकांना भिडले. माझ्या कपाटातल्या पाठ्यपुस्तकांना पांढरी बुरशी आली.

सासूबाईंचा खोकलाही याच घरात वाढला. गॅस आला होता, पण नागलीची भाकर त्यांना चुलीवरचीच लागे आणि अंघोळीचे पाणी गॅसवर तापवणे परवडत नसे. चूल मागच्या पडवीत मांडली होती. पावसाचा जोर वाढला की ती आत येई. आम्हाला वाटे, पक्के घर आहे, आता त्यांना बरे वाटेल. फार उशिरा लक्षात आले की जुन्या घरात छप्परच धुराडे होते. कौले गेली त्या दिवशी धुराडे गेले, आणि दुसरे करायला हवे हे गवंड्याने सांगितले नाही, कंत्राटदाराने सांगितले नाही, आणि विज्ञान शिकवणाऱ्या मलाही सुचले नाही. याची बोच अजून आहे.

तेव्हा हवा बदलली पाहिजे, हे पुतण्याचे म्हणणे शंभर टक्के खरे. प्रश्न त्याच्या पेटीचा. तिचा हिशेब मी सातवीच्या मुलीलाही कळेल अशा रीतीने मांडून पाहिला.

एका माणसाला तासाला तीसेक घनमीटर ताजी हवा धरली, तर चौघांना १२० घनमीटर लागते. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला साधारण एक तृतीयांश वॅट-तास ऊर्जा पुरते. म्हणजे घराच्या आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल, तर हवेबरोबर सुमारे ४० वॅट बाहेर जातात. आता सुरगाण्याची वर्षभराची हवा घ्या. जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आत आणि बाहेर फार तर दोन अंशांचा फरक. ऐंशी वॅट बाहेर जातात, पेटी त्यातले साठ परत आणील, आणि तिचे दोन पंखे मिळून चाळीस ते साठ वॅट खातील. शिवाय श्रावणात ती ऊब हवी आहे कुणाला? आपली तक्रार ओलीची, आणि साध्या पत्र्यांची पेटी बाहेरच्या हवेतली ओल काढत नाही. बाहेर धुके घरात शिरेल इतकी दमट हवा असताना ती तीच हवा नळीतून आत आणणार. ओल अदलाबदल करणारा एक प्रकार मिळतो, पण जिथे आत वातानुकूलन नाही तिथे त्याच्याकडे अदलाबदल करायला काही उरत नाही.

मे महिन्यात तर उलटेच. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली उष्णता सोडतो. आत तेहेतीस अंश, बाहेर सव्वीस. अशा वेळी घरातली उष्णता जितकी लवकर बाहेर जाईल तितके बरे, आणि ही पेटी ती उष्णता बाहेरून येणाऱ्या गार हवेला परत देणार. उन्हाळ्यासाठी वळसा देणारी झडप असते, पण मग ती पेटी नुसता पंखा म्हणून उरते.

राहिला हिवाळा. इथे मात्र थांबून विचार करायला हवा, कारण सुरगाण्याची थंडी नाशिककरांनाही पटकन पटत नाही. सापुताऱ्याच्या पायथ्याशी, हातगड-बोरगावकडे स्ट्रॉबेरी पिकते ती उगीच नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, कधी त्याखाली जातो, आणि रात्री आमच्याकडे लोक दार-खिडक्या घट्ट लावून घेतात. आत वीस आणि बाहेर दहा धरले, तर हवेबरोबर ४०० वॅट बाहेर जातात. पेटीने त्यातले ३०० परत दिले असे मानू. चार झोपलेल्या माणसांच्या अंगातून निघणारी उष्णता साधारण तेवढीच असते. म्हणजे फायदा खरा आहे, नाकारता येणार नाही. पण त्याच रात्री ४०० चौरस फुटांच्या उघड्या स्लॅबमधून अकराशेच्या आसपास वॅट निघून जातात. हंड्याला बुडाशी भोक असताना वरून ओघळणारे पाणी टिपत बसण्यातला हा प्रकार. थंडीची काळजी असेल, तर पहिला रुपया छपरावर खर्च करायला हवा. आमच्या आजेसासऱ्यांनी खोलीवर बांबूचा माळा घालून त्यावर पेंढा रचला होता. त्या पेंढ्यामुळे छपराखालची खोली उबदार राही, हे मी लहान मुलांना तिथे झोपवून अनुभवले आहे.

नाशिकच्या एका दुकानात चौकशी केली. पेटी, नळ्या आणि मजुरी धरून दीड लाखाच्या पुढचा आकडा सांगितला. दर काही महिन्यांनी गाळण्या बदलायच्या, वर्षातून एकदा आतली चळत धुवायची. कारागीर येणार नव्वदेक किलोमीटरवरून. पावसाळ्यात पाखरे आणि किडे दिव्यापाशी कसे झुंबड करतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या गाळण्यांचे काय होईल ते डोळ्यांसमोर आले. पण मला पेटीपासून मागे फिरवले ते या कशाने नाही, विजेने. आषाढात आमच्याकडे एक झाड तारेवर पडले की दोन-दोन दिवस वीज नसते. पेटीचा फायदा घ्यायचा तर घर हवाबंद बांधायला हवे. हवाबंद घर, बाहेर धो-धो पाऊस, पंखे बंद, आत दम्याची म्हातारी. नकाशावर ही रेघ मी ओढू शकत नाही.

माझा मुलगा नाशिकला फ्लॅटमध्ये राहतो. त्याची खिडकी महामार्गावर उघडते, रात्री वातानुकूलन लावून तिघे एका बंद खोलीत झोपतात. त्याच्यासाठी गाळणी असलेले असे छोटे यंत्र विचारात घेण्यासारखे आहे, हे मी त्याला सांगितले. कॅनडातल्या पुतण्याला तर त्याशिवाय गत्यंतर नाही. माझा नकार सुरगाण्याच्या घरापुरता आहे.

आणि सुरगाण्याच्या घरांविषयीच मला आता मोठ्याने बोलायचे आहे.

या तालुक्यात आज जी घरे उभी राहत आहेत त्यांतली पुष्कळ घरकुलाची आहेत. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात २०१६पासून आहे, आदिवासी विकास विभागाची शबरी योजना आहे. आवास योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य ठरले, म्हणजे त्या पेटीच्या किमतीपेक्षाही कमी. घर किमान २५ चौरस मीटरचे, आणि त्यात स्वच्छपणे स्वयंपाक करण्यासाठी जागा धरलेली. हे सगळे चांगले आहे. गळक्या छपराखाली जन्म काढलेल्या बाईला डोक्यावर पक्के छत मिळणे ही लहान गोष्ट नाही, आणि तिला 'तुझी कारवीच बरी होती' असे शहरातून कुणी सांगू नये.

पण शेवटचा हप्ता मिळाल्यावर त्या घरात जाऊन बसा. मी गेले आहे. माझ्या माजी विद्यार्थिनींची घरे आहेत ती. दहा बाय बाराच्या खोलीला एक खिडकी, तीही बहुधा पुढच्या भिंतीला, म्हणजे हवा आत आली तरी जायला वाट नाही. राष्ट्रीय इमारत संहितेने दमट-उष्ण प्रदेशासाठी जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतक्या खिडक्या-झरोके सांगितले आहेत. १२० चौरस फुटांना वीस चौरस फूट. तीन बाय तीनची खिडकी नऊ फूट भरते, आणि पावसाळ्यात ती बंद असते. कोपऱ्यात चूल. वर स्लॅब किंवा पत्रा. सहा महिन्यांत छत काजळीने काळे होते, आणि जी काजळी छतावर बसली नाही ती कुठे गेली हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

कुणी म्हणेल, आता उज्ज्वला आहे, चूल राहिली कुठे? १ मे २०१६ला ती योजना सुरू झाली आणि तिने खूप बायकांचा धूर कमी केला, हे मी पाहिले आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१च्या फेरीतही देशातली साधारण ५९ टक्केच कुटुंबे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती. आमच्याकडे घरात सिलिंडर असतो आणि चूलही असते. चहाला गॅस, भाकरीला चूल. द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडला गेलेले कुटुंब परत येते तेव्हा सिलिंडर भरायला पैसे असतीलच असे नाही. लाकूड रानात असते. ज्या घरात पुढची दहा वर्षे चूल पेटणार आहे, त्या घराच्या नकाशात धुराडे का नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

हे नवे शोधायचेही नाही. १९८०च्या दशकात सरकारने गावोगाव निर्धूर चुली दिल्या होत्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या 'आरती' या संस्थेने सुधारित चुलींवर बरीच वर्षे काम केले. आमच्या पाड्यावरही तशा काही चुली आल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच पुढे मोडल्या, कारण नळी काजळीने तुंबली आणि ती साफ करायची असते हे घरच्यांना कुणी सांगितले नव्हते. चूक नळीची नव्हती. दर पंधरवड्याला नळीतून काथ्याचा बोळा फिरवला की ती चालते. आमच्या शेजारणीची चालली.

धुराखेरीज आणखी एक कारण आहे, क्षयाचे. क्षयाचे जंतू हवेतून जातात आणि बंद खोलीत हवेत तरंगत राहतात. पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या उघडल्यावर तिथल्या खोल्यांमधली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा बदलणाऱ्या खोल्यांसाठी ठरवलेले प्रमाण होते १२. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती त्यात सरस ठरल्या. आपल्या आदिवासी भागात क्षयाची औषधे घरपोच देण्यासाठी आशाताई डोंगर चढतात. त्याच घराला समोरासमोर दोन झरोके ठेवले, तर त्यांच्या कष्टाला आधार होईल.

आणि थंडीत दार लावून आत शेगडी किंवा निखाऱ्यांची पाटी ठेवून झोपणाऱ्यांना हात जोडून सांगते, असे करू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, त्याने माणूस झोपेतच जातो. कुडाच्या घरात फटी होत्या म्हणून आपले आजोबा शेकोटीशेजारी झोपून उठले. स्लॅबच्या खोलीत तो भरवसा नाही.

आमचा नकाशा आता पुरा झाला आहे. काय केले ते सांगते, कुणाला उपयोगी पडले तर पडावे. वारा पश्चिमेचा, म्हणून स्वयंपाकघर पूर्वेला घेतले, म्हणजे धूर घरातून न जाता बाहेरच्या बाजूला जाईल. चुलीवर विटांचा झुकता टोप आणि त्यातून चार इंची नळी, आढ्याच्या वर तीन फूट काढलेली, टोकाला पावसासाठी टोपी. गॅसच्या ओट्यावर भिंतीत एक एक्झॉस्ट फॅन. छत कौलारू, मंगलोरी कौलांचे, आणि आढ्यावर दोन्ही पाख्यांच्या मध्ये वीतभर उंच जाळीची पट्टी, तिच्यावर छोटे छप्पर. गरम, ओली हवा आपोआप तिथून जाईल. निजायच्या खोलीवर बांबूचा माळा आणि पेंढा, हिवाळ्यासाठी. त्या खोलीची हवा जायला माळ्याखाली भिंतीत जाळीचे दोन झरोके. प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या. पश्चिमेची आणि दक्षिणेची वळचण साडेतीन फूट पुढे काढली आहे, म्हणजे झड आली तरी खिडकी उघडी राहील. सगळ्या उघड्या जागांना डासांची जाळी. कपडे वाळवायला न्हाणीला लागून वरून झाकलेली, बाजूंनी मोकळी पडवी, म्हणजे ती कळशीभर ओल घरात येणार नाही.

वळचणीचा खर्च सर्वांत जास्त आणि सर्वांत जास्त वादही तिच्यावरच झाला. गवंडी म्हणत होता दीड फूट पुरे. त्याला घेऊन सुरगाण्याच्या घरातला पश्चिमेचा काळा कोपरा दाखवला. मग तो साडेतीन फुटांना तयार झाला.

सुरगाण्यातल्या स्लॅबच्या घरालाही तसेच सोडले नाही. मागच्या भिंतीत छताखाली नऊ इंची दोन भोके पाडून जाळ्या बसवल्या, समोरच्या भिंतीत खाली दोन. मिस्त्रीचे एका दिवसाचे काम. आताच्या पावसाळ्यात तो कोपरा पूर्ण कोरडा राहिला नाही, पण ठिपके एकमेकांना भिडले नाहीत. पुतण्याला फोटो पाठवला. पेटीचे पैसे त्याने तरीही पाठवले, आणि कौले त्यातून आली.

२०२२च्या डिसेंबरात आमच्या सीमेवरच्या गावांनी गुजरातेत जाण्याची मागणी केली, तेव्हा रस्ते, पाणी, दवाखाना, वीज या गोष्टींची चर्चा राज्यभर झाली. व्हायलाच हवी होती, त्या मागण्या आजही उभ्या आहेत. त्यांच्या शेजारी मला एक छोटी मागणी ठेवायची आहे, जिला नवा निधी फारसा लागत नाही. घरकुलाच्या नमुना नकाशात डोंगराळ, पावसाच्या तालुक्यांसाठी तीन गोष्टी बंधनकारक करा: चुलीवर धुराडे, समोरासमोर दोन झरोके आणि खिडकीवर पुरेशी वळचण. आणि पायाचा, छताचा फोटो काढून हप्ता मिळतो तसा धुराड्याचाही फोटो मागा.

सुरगाणा अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा कायद्याने आपल्या ग्रामसभेला शब्द आहे. येत्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाईल तेव्हा नाव लागले का, एवढेच विचारून उठू नका. नकाशा मागा, तो जमिनीवर पसरा, आणि धुराडे कुठे आहे ते विचारा. बायांनो, हे तुम्हीच विचारा, कारण चुलीपुढे तुम्ही बसता.